छातीचा डॉक्टर व्हायचंय?

मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेऱ्याहून एक रस्ता विजयदुर्गाकडे, तर दुसरा वैभववाडीमार्गे कोल्हापूरकडे जातो. जवळच्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ही बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर सिलिकोसिस होऊ शकतो. तो बरा होत नाही, शिवाय क्षयाचा धोकाही वाढवतो. म्हणूनच या भागाला छातीचे डॉक्टर हवेत.

वाट लांबची आहे. बारावीनंतर नीट, मग साडेचार वर्षांचं एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप. पुढे नीट-पीजी देऊन रेस्पिरेटरी मेडिसिनमध्ये ३ वर्षांचं एमडी. हवं असल्यास आणखी ३ वर्षांचं डीएम.

या शाखेत दुर्बिणीने श्वासनलिका तपासणं, फुप्फुसाभोवती साचलेलं पाणी काढणं अशी हातची कामं असतात. अतिदक्षता विभागही सांभाळावा लागतो. स्पायरोमेट्रीत रुग्ण छाती भरून श्वास घेतो आणि नळीत जोराने सोडतो. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, यावरून श्वासनलिका आकुंचन पावल्यात का ते कळतं. यंत्राआधी मात्र एक प्रश्न विचारावाच लागतो: "काम काय करता?" चुलीचा धूर, विडी, खाणीतली धूळ यांचा पत्ता त्या उत्तरातच लागतो.