सहाव्या पिढीवर विंडोज अकरा

सकाळी ९.३०. वसई रोड पूर्वेला शटर वर केलं की आधी इन्व्हर्टर बघतो. आज बायोस फ्लॅश करायचा आहे. मध्येच लाइट गेली तर मदरबोर्डच जायचा.

टेबलावर निर्मळ गावच्या काकांचा लॅपटॉप, डेल लॅटिट्यूड ई५४७०. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अकराला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा, हा सहाव्या पिढीचा. तेवढ्यासाठी धडधाकट मशीन भंगारात घालणं मला पटत नाही.

१०.१५. सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर. चार-दोन फोटो उघडून बघतो, मगच पुढे.

११.००. टचपॅड वर उचललेला, म्हणजे बॅटरी फुगलीय. मागचं कव्हर काढून पहिला तिचा कनेक्टर सोडवला. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेनं पंख्याच्या जाळीत धूळ चिकटून बसलेली. थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं घासल्या. नवी बॅटरी, एसएसडी, पेस्ट. बॅटरी नसली किंवा उतरलेली असली तर डेल बायोस अपडेट होऊच देत नाही, आणि ते योग्यच आहे.

१.३०. डबा.

२.००. चार्जर लावून बायोस अपडेट. स्क्रीन काळी होते, पंखा जोरात फिरतो. त्या वेळी पॉवर बटणाला हात लावायचा नाही. मग एफ-२ दाबून आत: टीपीएम ही सुरक्षेची चिप क्लिअर, आणि डेलच्या फाइलनं तो १.२ वरून २.० वर. बूट यूईएफआय, सिक्युअर बूट चालू.

रुफस या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवताना अकराच्या टीपीएम, सिक्युअर बूट वगैरे तपासण्या वगळता येतात. तरीही मी टीपीएम आणि सिक्युअर बूट खरोखर चालू करतो. ती कुलपं मालकाच्याच उपयोगाची. सवलत घ्यायची ती फक्त प्रोसेसरपुरती.

५.००. एफ-१२, पेनड्राइव्ह, इन्स्टॉल.

६.४५. एक ताई कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं मशीन घेऊन आल्या. ‘‘ताई, यावर नवीन अकरा सुरूच होणार नाही. लिनक्स मिंट टाकून देतो.’’ पॉपसीएनटी ही सूचना त्या प्रोसेसरला कळत नाही, आणि अकराच्या २४एच२ आवृत्तीपासून ती लागतेच.

८.००. ऑफिसातून परतताना काका आले. ‘‘काका, मायक्रोसॉफ्ट अपडेटची हमी देत नाही. वर्षाचं मोठं अपडेट आपोआप आलं नाही तर इकडे घेऊन या.’’

नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्यातला टीपीएम बघा. १.२ असला तर कंपनीच्या साइटवर २.० ची फाइल आहे का, ते शोधा.