कलरोधक दंड, मोटारगाडीतील

मोटारगाडी वळत असताना तिचा सांगाडा बाहेरच्या बाजूला कलतो; हा कल मर्यादित ठेवण्यासाठी डावे व उजवे चाक परस्परांशी जोडणारा स्प्रिंग-पोलादाचा दंड. यास अमेरिकेत ‘स्वे बार’, तर ब्रिटनमध्ये ‘अँटी-रोल बार’ म्हणतात. अशा दंडाचे एक एकस्व कॅनडातील स्टीफन कोलमन यांना १९१९ मध्ये मिळाले. पुढील व मागील चाकांसाठी स्वतंत्र दंड असू शकतात. स्पोर्ट्‌स मोटारगाडीतील मागील दंड काढल्यास ती अधिक कलते, एवढाच परिणाम होत नाही. वळणावर गाडीचे कोणते टोक आधी घसरेल, हेही त्यामुळे बदलते.

रचना व कार्य : हा दंड सामान्यतः इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा असतो. त्याचा मधला आडवा भाग रबरी धारव्यांमधून सांगाड्याला बसविलेला असून दोन्ही टोके दुव्यांच्या साहाय्याने चाकांच्या आधारभुजांना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर गेल्यास दंड धारव्यांत नुसता फिरतो. वळणावर मात्र बाहेरचे चाक सांगाड्याच्या सापेक्ष वर व आतील चाक खाली जाते. त्यामुळे दंडाला पीळ बसतो व तो या हालचालीला विरोध करतो. भरीव दंडाची पिळाविरुद्धची दृढता व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणून १४ मिमी. ऐवजी १२ मिमी. व्यासाचा दंड वापरल्यास, इतर मापे तीच असताना, दृढता सु. ५४ टक्केच उरते. खडबडीत रस्त्यावर एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो, हा या दंडाचा दोष होय.

भाराची विभागणी : वळणावर आतील चाकांवरील काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. १,००० किग्रॅ. वस्तुमानाच्या गाडीचा गुरुत्वमध्य ४५ सेंमी. उंचीवर असेल, चाकांमधील आडवे अंतर १५० सेंमी. असेल आणि बाजूचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·८ पट असेल, तर एकूण सु. २४० किग्रॅ. भार बाहेरच्या बाजूला जातो. दंड असला वा नसला, तरी ही बेरीज जवळजवळ तीच राहते. पुढील व मागील चाकांच्या जोड्यांत तिची वाटणी कशी व्हावी, एवढेच दंड ठरवितो. टायरवरील भार दुप्पट केला, तरी त्याची रस्त्यावरील पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या जोडीत भाराचे स्थलांतर अधिक, त्या जोडीची एकूण पकड घटते.

मागील दंडाचा अभाव : मागील दंड काढल्यावर स्थलांतराचा मोठा वाटा पुढील चाकांवर पडतो. मागील चाकांची पकड वाढते आणि गाडी सुकाणूने दाखविलेल्या वळणाच्या बाहेर जाऊ पाहते. वळणाच्या मध्यावर वेगवर्धकावरील पाय अचानक उचलल्यास मागचा भाग घसरून गाडी गरकन फिरण्याचा धोका कमी होतो. आतील मागचे चाक रस्त्याला टेकून राहत असल्याने, चालना मागील चाकांना मिळणाऱ्या गाडीत ओल्या किंवा खडबडीत रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना एंजिनाची शक्ती कमी वाया जाते. याउलट लागोपाठ डावी-उजवी वळणे घेताना सांगाडा उशिरा स्थिरावतो व सुकाणूला मिळणारा प्रतिसाद मंद वाटतो. पुढील बाहेरच्या टायरवर ताण येऊन त्याची कड लवकर झिजू शकते.

उदाहरणे : लोटस कंपनीच्या १९६२ च्या एलान व १९९६ च्या एलीझ या हलक्या गाड्यांत केवळ पुढील दंड होता, स्प्रिंगा व चाकांची भूमिती तशीच योजिलेली होती. माझ्दा कंपनीने २०२२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणलेल्या ‘रोडस्टर ९९०एस’ या ९९० किग्रॅ. वजनाच्या गाडीतही मागील दंड नव्हता. तिच्यात जोराच्या वळणावर आतील मागच्या चाकाला हलकासा ब्रेक लावून सांगाड्याचे उचलले जाणे कमी करणारी योजना होती. मॅक्‌लारेनच्या २०११ च्या ‘एमपी४-१२सी’ गाडीत नेहमीच्या दंडांऐवजी धक्काशोषक द्रवाच्या नळ्यांनी परस्परांशी जोडले होते.

दंड कोणत्या टोकाला आहे, याचे महत्त्व मागे एंजिन असलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीच्या इतिहासातही दिसते. १९६० च्या मूळ रचनेत पुढील दंड नव्हता. तो १९६४ मध्ये बसविण्यात आला. राल्फ नेडर यांनी १९६५ मधील आपल्या ग्रंथात या गाडीवर कठोर टीका केली. १९७२ च्या सरकारी अहवालाने मात्र ती समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला.

सारांश, मागील दंडाचा अभाव हा स्वतः गुण किंवा दोष नव्हे. मूळ रचनाच तशी असलेली गाडी समतोल राहू शकते. परंतु दोन्ही दंड धरून आखलेल्या गाडीतील एक काढल्यास मागील स्प्रिंगा, पुढील दंड व टायरांतील हवेचा दाब यांचा पुन्हा मेळ घालावा लागतो. चालकाला अंगवळणी पडलेले गाडीचे वर्तन बदललेले असते. म्हणून अशा बदलाची परीक्षा रहदारीच्या रस्त्यावर न करता बंदिस्त मार्गावर, प्रथम कमी वेगाने करणे आवश्यक असते.