टाक्यातले पाणी, आगाशिवचे आणि मायांचे

कवठे महांकाळहून निघालेली आमची अभ्याससहल कराडजवळच्या आगाशिव लेण्यांत पोचली, तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. सगळे सावलीला विहारात शिरले. सोबतचे पुरातत्त्वाचे प्राध्यापक मात्र बाहेरच, खडकात खोदलेल्या टाक्यापाशी उकिडवे बसले. "आधी इकडे या. पाण्याची सोय नसती तर इथे एकही भिक्खू राहिला नसता."

दख्खनच्या लेण्यांतल्या जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. काठावरून बोट फिरवले की छिन्नीचे घाव अजून हाताला लागतात. विहीर खणताना जो अखंड काळा पाषाण लागला की आपल्याकडे कपाळाला हात लावतात, तोच पाषाण टाके खोदणाऱ्याला हवा होता. एकसंध बेसॉल्टमधून पाणी झिरपत नाही. भेग आली किंवा मांजऱ्या खडक लागला की गळती सुरू.

सरांनी मग तिथूनच आम्हाला मेक्सिकोत नेले. युकातानच्या पुउक टेकड्यांत माया लोकांनी उश्मल, काबाह, सायिल ही नगरे वसवली. तिथे नदी नाही आणि खडक चुनखडीचा, पडेल ते पाणी पिऊन टाकणारा. त्यांनी जमिनीखाली रांजणासारखी टाकी खोदली. त्यांना ‘चुल्तुन’ म्हणतात. आतून चुन्याचा गिलावा दिला आणि अंगणांचा उतार टाक्याच्या तोंडाकडे ठेवला. काबाहच्या एका वाड्याच्या दर्शनी भिंतीवर लांब नाकाचे शेकडो दगडी मुखवटे आहेत. ते चाक या पर्जन्यदेवाचे, असे अनेक अभ्यासक मानतात.

आमच्यातले एक द्राक्षबागायतदार लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या शेततळ्याचा कागदच की! मुरमात तळं काढलं आणि कागद अंथरला नाही, तर पाणी ठरतंय कुठं?" सरांना हवे होते ते वाक्य त्यांच्या तोंडून आले होते. मला वाटते, जाणकारासोबत केलेल्या सहलीची खरी कमाई ही. नुसता फलक वाचून ती हाती लागत नाही.

ग्वाटेमालातल्या टिकाल या माया नगराची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची. तिथल्या एका जलाशयाच्या गाळात संशोधकांना स्फटिकी वाळू आणि झिओलाइट सापडले. २०२० साली ते प्रसिद्ध झाले. पाणी गाळण्यासाठी हे खनिज सुमारे ३० किलोमीटरवरून आणले असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. झिओलाइटच्या कणांत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत पाण्यातली घाण अडकते. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांतही झिओलाइटचेच पांढरे-गुलाबी स्फटिक भरलेले असतात. विहिरीच्या दगडांच्या ढिगात ते चमकतात आणि पोरे ते खेळायला उचलतात.

एवढे करूनही दुष्काळाने मायांना गाठलेच. युकातानमधल्या चिचानकानाब सरोवराच्या तळाच्या गाळात जिप्समचे थर आहेत. पाणी आटून क्षार घट्ट झाले की जिप्सम खाली बसते. इ.स. ८०० ते १००० हा काळ तिथे फार कोरडा गेला, हे १९९५ साली त्या थरांवरूनच मांडले गेले. याच सुमारास दक्षिणेकडची माया नगरे ओस पडत गेली. युद्धे, राजघराण्यांची भांडणे हीही कारणे होतीच. आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे इ.स.पूर्व १०००च्या पुढे चौकोनी घरे मागे पडून लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊसमान घटल्याने शेतकरी पशुपालनाकडे वळले, अशी त्याची मांडणी म. के. ढवळीकरांनी केली.

म्हैसाळ योजनेचे पाणी येण्याआधीचा कवठे महांकाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही झोपडी समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच टिकाल बघायला जाणे जमो न जमो, आपल्या तालुक्यातला कुकटोळीचा गिरलिंग आणि शेजारचा दंडोबा हे डोंगर तरी शाळेच्या मुलांनी जाणकाराचे बोट धरून पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

परतताना सरांनी पुढची तारीख जुलैतली धरायला सांगितली. भिजावे लागेल, असे कुणीतरी म्हणाले. "भिजायलाच जायचंय," सर म्हणाले, "कातळावरून पाणी कुठून कुठं धावतं, ते उन्हाळ्यात कसं दिसणार?"