लेन्स हूड : आटे जुळले म्हणजे काम झाले?

लेन्स हूडचे काम एकच असते : चौकटीबाहेरचा प्रकाश लेन्सच्या पुढच्या काचेवर पडू न देणे. चौकटीत असलेल्या दृश्याचा प्रकाश चित्र घडवतो. चौकटीबाहेरचा सूर्य, ट्यूबलाइट किंवा पांढरे आभाळ चित्रात दिसत नाही, पण त्यांचा प्रकाश काचेवर तिरका पडला की लेन्सच्या आत काचांवर आणि नळीच्या भिंतींवर आपटत सेन्सरपर्यंत पोचतो. कधी त्यातून रंगीत ठिपक्यांची माळ उमटते, ती निदान लगेच लक्षात येते. बहुतेक वेळा मात्र सगळ्या चित्रावर फिकट धुके पसरते आणि काळा रंग राखाडी होतो. मग लेन्स ‘सॉफ्ट’ असल्याचा शेरा मारला जातो. हे धुके कल्पनेतले नाही. ते मोजण्याची पद्धत आयएसओ ९३५८ या १९९४च्या मानकात दिलेली आहे.

हूड हरवतात, तुटतात, आणि अनेक स्वस्त लेन्सबरोबर खोक्यात येतच नाहीत. त्यामुळे दुसऱ्या लेन्सचा, बाजारातला किंवा घरी केलेला हूड लावणे ही रोजची गोष्ट आहे आणि त्यात मुळात काही गैर नाही. गैर आहे तो त्यामागचा ठाम समज : फिल्टरचा व्यास जुळला की हूड जुळला. ‘बावन्नचा हूड आहे, बावन्नच्या लेन्सला बसतो’ एवढ्यावर खरेदी होते, सल्ले दिले जातात आणि चित्राचे कोपरे काळे आले की दोष कॅमेऱ्याला लागतो.

या समजाला उत्तर खुद्द निकॉनच्या जुन्या यादीत आहे. २४ मिमी एफ/२.८, २८ मिमी एफ/२.८ आणि ३५ मिमी एफ/२ या तिन्ही निक्कोर लेन्सचे फिल्टरचे आटे ५२ मिमीचेच. तरीही कंपनीने त्यांच्यासाठी अनुक्रमे एचएन-१, एचएन-२ आणि एचएन-३ असे तीन वेगळे हूड केले. आटे जुळणे पुरेसे असते, तर एकाच हूडमध्ये भागले असते. फरक होता तो लेन्सच्या कोनाचा. फुल फ्रेमवर कर्णाच्या दिशेने २४ मिमीची लेन्स ८४ अंश पाहते, २८ मिमीची ७५ आणि ३५ मिमीची ६३. आट्यांचा व्यास हूड कुठे अडकेल एवढेच सांगतो. तो कोणत्या कोनापर्यंत सावली धरील, हे त्याची लांबी आणि तोंडाची रुंदी ठरवते.

हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. लेन्समध्ये समोरून पाहिले की आत एक गोल छिद्र दिसते. त्याचा व्यास म्हणजे फोकल लांबी भागिले एफ-क्रमांक. त्या छिद्रापासून हूडच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे, त्याला चित्राच्या अर्ध्या कोनाच्या टॅन्जंटने गुणावे, आलेल्या संख्येची दुप्पट करावी आणि त्यात छिद्राचा व्यास मिळवावा. हूडचे तोंड निदान तेवढे रुंद हवे. ५० मिमी एफ/१.८ लेन्सचे छिद्र २७.८ मिमीचे. कड ४० मिमी पुढे असेल, तर सुमारे ६२ मिमी रुंद तोंड पुरते. २४ मिमी एफ/२.८ चे छिद्र जेमतेम साडेआठ मिमीचे, पण तिचा कोन इतका पसरट, की त्याच ४० मिमीवर ८१ मिमीचे तोंड लागते. ६२ मिमीचा हूड तिला आट्यांत अगदी घट्ट बसेल आणि कोपरे खाईल.

‘व्ह्यूफाइंडरमध्ये तर काही दिसत नाही’ हे यावरचे ठरलेले उत्तर. दिसणार नाहीच. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य पूर्ण उघड्या अॅपर्चरने दिसते आणि साध्या मॉडेलांत चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो. कोपरे नेमके उरलेल्या भागात असतात. शिवाय अॅपर्चर उघडे असताना हूडची कड किरणांचा फक्त काही भाग अडवते, म्हणून काळोख हळूहळू उतरतो. वरच्या उदाहरणात एफ/२.८ ला अंधार चित्राच्या मध्यापासून १६ मिमीवर सुरू होऊन २१ मिमीपर्यंत दाट होत जाईल. एफ/१६ ला तोच अंधार १८ ते १९ मिमीच्या दरम्यान एका काळ्या रेषेने कापल्यासारखा येईल. फुल फ्रेमचा कोपरा मध्यापासून २१.६ मिमीवर असतो. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये किंचित मंद वाटलेला कोपरा लहान अॅपर्चरवर काढलेल्या निसर्गचित्रात चक्क काळा निघतो.

तीच लेन्स, तोच हूड एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावला तर काहीच बिघडत नाही, कारण तिथला कोपरा मध्यापासून १४ मिमीवरच संपतो. ‘मला तर चालतो’ असे सांगणारा आणि ‘माझे कोपरे काळे आले’ म्हणणारा हे दोघेही खरे बोलत असतात. वेगळे असतात ते सेन्सर. त्यामुळे कॅमेरा कोणता हे विचारल्याशिवाय हूडचा सल्ला देण्यात अर्थ नसतो.

उलट्या चुकीकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण तिचा पुरावा चित्रात दिसत नाही. २४ मिमीचा आखूड, पसरट हूड ८५ मिमीच्या लेन्सला लावला तर कोपरे स्वच्छ राहतात आणि सगळे खूश होतात. पण ८५ मिमीची लेन्स मध्यरेषेपासून फक्त १४ अंशांपर्यंत पाहते आणि हा हूड ४२ अंशांपलीकडचा प्रकाश अडवण्यासाठी आखलेला असतो. मधल्या पट्ट्यातला सारा प्रकाश काचेवर मोकळा येतो. असा हूड लेन्सला धक्क्यापासून वाचवील. सावलीच्या दृष्टीने मात्र तो नसल्यातच जमा.

याच हिशेबाने न जुळणारा हूड कधीकधी मूळ हूडपेक्षा सरस ठरतो. फुल फ्रेमसाठी केलेली ५० मिमीची लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावली की तिचा कोन ४७ अंशांवरून साधारण ३१ अंशांवर येतो. कंपनीचा हूड मात्र ४७ अंशांसाठीच कापलेला असतो, म्हणजे गरजेपेक्षा आखूड. तिथे ७५ मिमीच्या आसपासच्या लेन्सचा लांब हूड, तपासून घेतला तर, अधिक काम देतो. रुंद कोनाच्या लेन्सला उलटा उपाय लागतो : स्टेप-अप रिंग लावून मोठ्या व्यासाचा हूड बसवणे.

हूडवरची अक्षरेही नीट वाचावी लागतात. कॅननच्या नावांत ईडब्ल्यू म्हणजे रुंद कोनासाठी, ईएस म्हणजे मध्यम आणि ईटी म्हणजे टेलिफोटोसाठी. पुढचा आकडा जोडणीच्या व्यासाचा. ईडब्ल्यू-६०सी आणि ईटी-६० या दोन्हींत साठ आहे, पण पहिला १८-५५ मिमीसाठी आणि दुसरा ७५-३०० मिमीसारख्या टेलिझूमसाठी. निकॉनच्या एचबी-४५ मधला ४५ हा तर व्यासही नाही, नुसता अनुक्रमांक आहे. एचबी म्हणजे खाच्यांत फिरवून बसणारा आणि एचएन म्हणजे आट्यांचा, एवढेच त्या अक्षरांवरून कळते.

पाकळ्यांचा हूड गोल हूडपेक्षा ‘प्रोफेशनल’ असतो, हा समज दुकानांच्या काचेमागे तयार होतो. पाकळ्या शोभेच्या नाहीत. आयताकृती चौकटीचा कोन सर्वांत मोठा असतो तो कर्णाच्या दिशेने, म्हणून तिथे नळी खोल कापतात. वर-खाली तो सर्वांत लहान, म्हणून तिथल्या पाकळ्या लांब. अर्थातच असा हूड एकाच स्थितीत बसला पाहिजे. आट्यांवर फिरवून बसवायचे स्वस्त पाकळीदार हूड आटे संपतील तिथे थांबतात आणि लांब पाकळी तिरकी होऊन कोपऱ्यात शिरते. काहींना जागा पक्की करणारी वेगळी कडी असते, तेवढेच घ्यावेत. फोकस करताना जिचे पुढचे टोक फिरते अशा लेन्सला तर पाकळ्या चालणारच नाहीत. निकॉनच्या जुन्या १८-५५ मिमी व्हीआरचे टोक असेच फिरते, म्हणून तिचा एचबी-४५ गोल आहे.

झूम लेन्सचा हूड नेहमी सर्वांत रुंद कोनासाठी कापलेला असतो. १८-५५ मिमीवर तो १८ ला योग्य आणि ५५ ला तोकडा असतो. त्याला सहसा इलाज नसतो. कॅननच्या पहिल्या २४-७० मिमी एफ/२.८एल मध्ये यावर सुंदर तोड काढली होती. ती लेन्स २४ मिमीला पुढे येते, ७० मिमीला मागे सरकते आणि हूड न हलणाऱ्या बाहेरच्या नळीवर बसतो, त्यामुळे कोन अरुंद होत जाईल तशी काच हूडमध्ये खोल जाते.

घरी केलेल्या हूडला नावे ठेवण्याचे कारण नाही. लांबी-रुंदी बरोबर असेल, तर प्रकाशाला हूड कोणी केला याची फिकीर नसते. गडबड होते ती आतल्या पृष्ठभागात. पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा प्लॅस्टिकचा डबा आतून चकचकीत असतो, आणि चकचकीत काळा रंगही अगदी तिरक्या प्रकाशाला आरशासारखा परतवतो. हूडच्या भिंतीवर तर प्रकाश तिरकाच पडतो. आत काळे फेल्ट किंवा मखमली कागद चिकटवला की हा दोष जातो. जाड काळ्या चार्ट पेपरची नळी रबर बँडने अडकवली तरी ती चकचकीत डब्यापेक्षा बरी. डुप्लिकेट हूडलाही हीच कसोटी.

कोणताही परका हूड तपासायला पाच मिनिटे पुरतात. लेन्स सर्वांत रुंद कोनाला आणि फोकस अनंतावर ठेवावा, सर्वांत लहान अॅपर्चर लावावे आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा एकसारख्या आभाळाचा फोटो हूडसह व हूडशिवाय काढून कोपरे ताडून पाहावेत. लेन्सवर कायम फिल्टर असेल तर तोही लावलेलाच ठेवावा; आट्यांचा हूड फिल्टरच्या जाडीइतका पुढे सरकतो.

‘आजच्या लेन्सचे कोटिंग इतके चांगले, की हूड लागत नाही’ हे अर्धसत्य. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. १९३५ साली झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणाऱ्या थराचे पेटंट घेतले आणि आजचे अनेक थरांचे कोटिंग हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणते. पण पुढच्या काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसे प्रकाश विखुरतात, त्यावर कोटिंगची मात्रा चालत नाही.

हूडमुळे एक्स्पोजर कमी होते, हे चूक. हूड फक्त उन्हात लागतो, हेही चूक. रात्री रस्त्यावरचे दिवे आणि लग्नाच्या हॉलमधले हॅलोजन तितकेच त्रास देतात. सूर्य चौकटीतच असेल तर कोणताही हूड उपयोगी नाही. तळहात किंवा टोपीची सावली धरणे अडाणीपणाचे नाही : एकाच दिव्याचा प्रकाश अडवायचा असेल तर हात हूडपेक्षा नेमकी सावली देतो, आणि चित्रपटाच्या सेटवर याच कामासाठी काळ्या कापडाचे कटर उभे केलेले असतात. कॅमेऱ्यातला फ्लॅश वापरताना हूड काढावा, नाहीतर चित्राच्या खालच्या भागात त्याची अर्धगोल सावली येते. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत ही सूचना असतेच. आणि लेन्सवर उलटा बसवलेला हूड पिशवीत जागा वाचवण्यासाठी असतो. तसाच ठेवून फोटो काढला तर सावली शून्य, वर झूमची रिंगही झाकली जाते.