गाणाऱ्या बाईचं वाकडं चित्र

मंडईत वडशाच्या मंडळीचं नाटक झालं की गाणारीचे हातवारे दुसऱ्या दिवशी धान कापताना नक्कल होऊन येतात. अशीच नक्कल दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये आल्फ्रेड शालों हा चित्रकार जलरंगात करायचा. त्याच्यासमोर ऑपेराच्या गायिका असत. ऑपेरा म्हणजे बोलणंही गाऊनच म्हणायचं नाटक. माईक नव्हता, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायला तोंड पूर्ण उघडावं लागे, छाती भरून श्वास घ्यावा लागे. शालों नेमकं तेच वाढवून रंगवी. एरवी तो श्रीमंत बायकांना देखणं करून काढायचा. त्याने काढलेली व्हिक्टोरिया राणी तर टपाल तिकिटांवर छापली गेली. मला मात्र वाकडी चित्रंच खरी वाटतात. देखणीत बाई नुसती बसलेली, इथे ती कामावर आहे. आपल्या दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेत. तिकडे बाया तेव्हाच गळ्यावर कमावत होत्या.