कॉन्ट्रॅक्टची नोकरी : आधी हे विचारा
वाशिमहून पुण्याला जाऊन मी दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. यात काम एका कंपनीत, पगार मात्र एजन्सीच्या पेरोलवर. रिक्रूटर सीटीसी सांगतो, हाती किती येईल ते नाही. बेसिक १५,००० असेल तर पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० आपले अन् १,८०० मालकाचे; सीटीसीत बहुधा दोन्ही धरलेले असतात.

दुसरा ताप मोठा. एका रिक्रूटरनं न विचारताच माझा बायोडाटा पाठवला. तोच दुसऱ्याकडूनही गेला. कमिशन कोणाला, या वादात कंपनीनं मलाच वगळलं. रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास फुकट! म्हणून कंपनीचं नाव कळल्याशिवाय होकार देऊ नका, अन् द्याल तो ई-मेलवरच. पुरावा हाताशी राहतो.