एमआरआयच्या आधी टोचतात ते औषध मशीनला दिसतच नाही, मग त्याने फोटो उजळतो कसा?

एमआरआय चालू असताना मध्येच मशीन थांबतं, टेक्निशियन येतो, हाताला लावलेल्या सुईतून एक इंजेक्शन देतो आणि पुन्हा ठकठक सुरू. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘विथ कॉन्ट्रास्ट’. बिल वाढतं, वर एका कागदावर सहीसुद्धा घेतात. आपला समज असा होतो की हा काहीतरी रंग असणार, तोच फोटोत दिसत असणार.

सीटी स्कॅनमध्ये साधारण तसंच असतं. तिथे दिलेलं आयोडीन एक्स-रे अडवतं आणि फोटोत थेट दिसतं. एमआरआयचं प्रकरण वेगळं आहे. इथे दिलेला गॅडोलिनियम हा धातू मशीनला दिसत नाही. मशीनला दिसतं ते त्याच्या आजूबाजूचं पाणी.

हे कसं होतं, तेच समजून घेऊ.

मशीन नेमकं बघतं काय?

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. त्याला ‘स्पिन’ नावाचा गुणधर्म असतो. प्रोटॉन भोवऱ्यासारखा खरोखर गरगर फिरतो असं नाही, पण स्पिनमुळे तो एक चिमुकला लोहचुंबक असतो, एवढं लक्षात ठेवा.

१.५ टेस्लाच्या मशीनमध्ये गेलं की काही प्रोटॉन चुंबकाच्या दिशेने वळतात, काही उलट दिशेने. दोन्ही बाजूंत फरक पडतो तो दहा लाखांमागे जेमतेम पाचांचा. सगळा फोटो येतो या पाचांच्या जिवावर! शरीरात पाणीच इतकं आहे की तेवढं पुरतं.

मग मशीन ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडतं, म्हणजे आपल्या एफएमच्या जरा खालच्या. झोपाळ्याला बरोबर ठेक्यात ढकललं की तो उंच जातो, तसे प्रोटॉन ही ऊर्जा घेतात. यालाच रेझोनन्स म्हणतात. नंतर ते ऊर्जा सोडून पूर्वपदावर येतात. त्याला साधारण एक सेकंद लागतो, कुठे कमी, कुठे जास्त. लहरींचा पुढचा झटका येईपर्यंत जे सावरलेले असतात ते जोरदार सिग्नल देतात आणि फोटोत उजळ दिसतात. जे सावरलेले नसतात ते मंद दिसतात.

मग इलेक्ट्रॉन मध्ये कुठून आला?

स्पिन इलेक्ट्रॉनलाही असतो आणि त्याचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असतं. पण शरीरातले बहुतेक इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि जोडीतला एक दुसऱ्याचं चुंबकत्व पुसून टाकतो. औषधातल्या गॅडोलिनियमकडे मात्र तब्बल ७ इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात.

हा दांडगा चुंबक रक्तात गिरक्या घेत असतो. त्यामुळे जवळच्या प्रोटॉनला जाणवणारं चुंबकीय क्षेत्र सतत हलतं. या हलण्यात प्रोटॉनच्या ठेक्याशी जुळणारा ठेका असला की प्रोटॉन आपली ऊर्जा भराभर सोडून देतो. इथे नुसती ताकद कामाची नाही. डिस्प्रोसियम हा धातू गॅडोलिनियमपेक्षाही जोरदार चुंबक आहे, पण त्याच्या इलेक्ट्रॉनचे स्पिन इतक्या झटपट पलटतात की ठेका जुळत नाही. म्हणून या कामात तो मागे पडतो.

अंतरही महत्त्वाचं. अंतर दुप्पट झालं की परिणाम ६४ पटींनी घटतो. म्हणजे पाण्याला गॅडोलिनियमला जवळजवळ चिकटावंच लागतं. पाण्याचा एक रेणू येऊन बसतो, उठतो, त्याच्या जागी दुसरा येतो. असं सेकंदाला लाखो वेळा होतं. म्हणून थोडं औषध पुष्कळ पाणी उजळवतं.

ही युक्ती एमआरआयपेक्षा जुनी आहे. १९४६ साली फेलिक्स ब्लॉख यांनी प्रयोगात पाण्यात लोहाचा क्षार मिसळला होता, तो प्रोटॉन लवकर सावरावेत म्हणूनच. १९५२ मध्ये त्यांना एडवर्ड पर्सेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. गॅडोलिनियमच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती १९८८ मध्ये.

गाठच का चमकते?

मेंदूतल्या निरोगी रक्तवाहिन्या हे औषध बाहेर झिरपू देत नाहीत. गाठ किंवा संसर्ग असेल तिथे ही भिंत गळकी होते, औषध बाहेर येतं आणि तिथलं पाणी उजळतं. डॉक्टरांना कळते ती ही गळती.

आणि सही कशासाठी?

सुटं गॅडोलिनियम विषारी असतं. म्हणून ते एका रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात. पण पिंजरा पूर्ण बंद करूनही चालत नाही, कारण पाण्याला बसायला जागा हवी. ६० किलोच्या माणसाला नेहमीच्या डोसमध्ये सुमारे एक ग्राम गॅडोलिनियम जातं आणि ते मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं.

किडनी खूपच कमजोर असेल तर औषध शरीरात रेंगाळतं आणि पिंजरा सुटू शकतो. त्वचा कडक करणाऱ्या एनएसएफ नावाच्या गंभीर आजाराशी त्याचा संबंध २००६ मध्ये समोर आला. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कडक इशारा दिला. २०१७ मध्ये युरोपने सैल पिंजऱ्याच्या काही औषधांचे परवाने स्थगित केले. धातूला चारी बाजूंनी वेढणारे ‘मॅक्रोसायक्लिक’ पिंजरे जास्त घट्ट असतात.

म्हणून सही करण्याआधी किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा पूर्वी आलेली रिअ‍ॅक्शन लपवू नका. क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर सोबत न्या. औषध कोणत्या प्रकारचं आहे आणि कॉन्ट्रास्ट कशासाठी हवा, हेही विचारा. मणक्याची गादी सरकली असेल किंवा गुडघ्याचं लिगामेंट तुटलं असेल, तर बहुतेक वेळा त्याशिवायही काम भागतं. मेंदूतली गाठ शोधायची असेल, तर मात्र हेच ७ बिनजोडीचे इलेक्ट्रॉन डॉक्टरांच्या कामी येतात.